सॉफ्टवेअरवरची सही तपासणार कोण?

विशेष प्रतिनिधी
कुंभारी (ता. दक्षिण सोलापूर)

सातबारा उताऱ्यासाठी सज्जाच्या कार्यालयात हेलपाटे घालण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि शाईच्या सहीची व गोल शिक्क्याची जागा संगणकीय सहीने घेतली. उताऱ्याच्या मूळ फाइलमधील क्षेत्राचा एखादा आकडा कोणी मागाहून बदलला, तर ती सही तपासणीत टिकत नाही. हेच गणित आणखी एका ठिकाणी रात्रंदिवस वापरले जाते. मात्र तिकडे सामान्य वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. आपल्या संगणकात येणाऱ्या प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरच्या फाइलवर अशीच डिजिटल सही असते. निदान असायला हवी. या पद्धतीला 'कोड साइनिंग' असे म्हणतात.

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारीचेच उदाहरण घेऊ. विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत, अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि १९ जानेवारी २०२४ रोजी ज्यातील १५ हजार घरांचे पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झाले ते रे नगर, यांमुळे या परिसराचे रूप पालटले आहे. अशा कोणत्याही वस्तीत रुग्णालय असो, बँकेची शाखा असो, पतसंस्था असो की महा ई-सेवा केंद्र, सर्वांचा कारभार संगणकावर चालतो. यांपैकी कोणीही आपले सॉफ्टवेअर स्वतः लिहीत नाही. पुणे, बंगळुरू किंवा परदेशातील एखादी कंपनी ते लिहिते आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या इंटरनेटवरून पाठवीत राहते. रात्री आलेली फाइल सकाळी कामाला लागलेली असते. ती खरोखरच त्या कंपनीने पाठविली आहे काय आणि वाटेत तिच्यात कोणी काही मिसळले तर नाही ना, या दोन प्रश्नांची उत्तरे माणूस डोळ्यांनी पाहून देऊ शकत नाही. ती सहीच्या तपासणीतूनच मिळतात.

सही होते कशी?

कोणत्याही फाइलवर एक ठरावीक गणिती प्रक्रिया केली, की तिचा एक छोटा 'ठसा' मिळतो. संगणकशास्त्रात त्याला 'हॅश' म्हणतात. सध्या प्रचलित असलेल्या 'शा-२५६' या पद्धतीत हा ठसा २५६ बिटांचा, म्हणजे ६४ अक्षरांत मावेल एवढा असतो. फाइल दोन पानांची असो वा दोन जीबीची, ठशाची लांबी तेवढीच राहते. मूळ फाइलमधील एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा संपूर्ण बदलतो. आणि ठशावरून मूळ फाइल पुन्हा तयार करता येत नाही.

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपनीकडे किल्ल्यांची एक जोडी असते. एक खासगी, जी फक्त तिच्याकडेच राहते; दुसरी सार्वजनिक, जी कोणालाही देता येते. कंपनी आपल्या फाइलच्या ठशावर खासगी किल्लीने सही करते आणि ती सही फाइलला जोडते. ग्राहकाचा संगणक आलेल्या फाइलचा ठसा नव्याने काढतो आणि सार्वजनिक किल्लीच्या साह्याने सहीशी ताडून पाहतो. जुळले तर फाइल मूळ स्वरूपात आहे. न जुळले तर कोणीतरी तिला हात लावला आहे. सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली शोधून काढणे व्यवहारात अशक्य असते, हा या साऱ्या व्यवस्थेचा पाया आहे. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये ही कल्पना मांडली आणि रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या त्रयीने लगेच पुढच्या वर्षी ती प्रत्यक्षात आणण्याची रीत शोधली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती 'आरएसए' म्हणून ओळखली जाते.

आता प्रश्न उरतो तो, ही सार्वजनिक किल्ली त्या कंपनीचीच कशावरून? त्यासाठी प्रमाणन संस्था असतात. कंपनीची कागदपत्रे तपासून त्या 'ही किल्ली अमुक कंपनीची' असे प्रमाणपत्र देतात. विंडोजसारख्या प्रणालीत विश्वासार्ह प्रमाणन संस्थांची यादी आधीच भरलेली असते. विंडोजमध्ये एखादी फाइल चालविताना 'पब्लिशर' या शब्दापुढे कंपनीचे नाव येते किंवा 'अननोन', म्हणजे अज्ञात, असा इशारा येतो, तो याच तपासणीतून. मायक्रोसॉफ्टने 'ऑथेंटिकोड' नावाने ही पद्धत १९९६ मध्ये आणली. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता मिळाली आणि प्रमाणन संस्थांना परवाने देण्यासाठी नियंत्रकांचे कार्यालय स्थापन झाले. पुण्यातील 'सी-डॅक' ही अशीच एक परवानाधारक संस्था आहे. मात्र सनदी लेखापाल विवरणपत्रे भरताना जे यूएसबी टोकन वापरतात, त्यातील प्रमाणपत्र व्यक्तीच्या सहीचे असते. सॉफ्टवेअरवर सही करण्याचे प्रमाणपत्र वेगळे घ्यावे लागते.

मुंबईच्या कंपनीचा धडा

सही न तपासल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे आणि तेही संगणकांचे रक्षण करणाऱ्या उत्पादनाच्या बाबतीत. मुंबईतील मायक्रोवर्ल्ड टेक्नॉलॉजीज या कंपनीचे 'ई-स्कॅन' हे विषाणूप्रतिबंधक सॉफ्टवेअर देशात अनेक ठिकाणी वापरले जाते. एप्रिल २०२४ मध्ये 'ॲव्हास्ट' या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी एक सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. ई-स्कॅनच्या अद्ययावत फाइली ग्राहकाकडे जात असताना हल्लेखोर वाटेतच त्या अडवीत आणि त्यांच्या जागी आपली फाइल घालीत, असे त्यात म्हटले होते. या घातक सॉफ्टवेअरला संशोधकांनी 'गुप्तीमायनर' असे नाव दिले. लाकडी काठीत दडविलेल्या गुप्तीची आठवण करून देणारे हे नाव अगदी समर्पक म्हणावे लागेल.

हे शक्य झाले ते दोन त्रुटींमुळे. एक, फाइली सुरक्षित नसलेल्या साध्या 'एचटीटीपी' मार्गाने जात होत्या. दोन, आलेल्या फाइलची अस्सलता ग्राहकाच्या संगणकावर पुरेशी काटेकोरपणे तपासली जात नव्हती. परिणामी पहारेकऱ्यानेच चोराला आत घेऊन बसविले. घुसविलेल्या सॉफ्टवेअरपैकी काही भाग मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यांत मागचे दार उघडून ठेवण्यासाठी होता. त्याखेरीज दुसऱ्याच्या विजेवर व यंत्रावर आभासी चलन मिळविणारा प्रोग्रामही त्यात होता. या हल्ल्यामागे उत्तर कोरियाशी जोडली जाणारी 'किमसुकी' ही टोळी असण्याची शक्यता ॲव्हास्टने वर्तविली. ॲव्हास्टने ही त्रुटी ई-स्कॅन आणि 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेला कळविली होती आणि ती दूर केल्याचे उत्तर जुलै २०२३ मध्ये मिळाले होते. सही नसलेल्या फाइली नाकारणारी अधिक कडक तपासणी आपण २०२० मध्येच बसविली होती आणि नंतर सुरक्षित 'एचटीटीपीएस' मार्गाचाही अवलंब केला, असे कंपनीचे म्हणणे होते.

या प्रकरणाचा बोध सर्वांसाठी सारखाच आहे. सही करणे ही पाठविणाऱ्याची जबाबदारी. पण ती तपासून, न जुळल्यास फाइल नाकारणे ही घेणाऱ्या बाजूच्या सॉफ्टवेअरची जबाबदारी. या दोहोंपैकी एक जरी सुटली, तरी व्यवस्था केवळ देखाव्यापुरती उरते.

एका फाइलने बंदर थांबले

विषारी फाइल आत आली तर किती हानी होते, हे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराने पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये 'नॉटपेट्या' या विध्वंसक सॉफ्टवेअरचा उद्रेक झाला. तिकडे करविवरणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एम. ई. डॉक' या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत फाइलींमध्ये हल्लेखोरांनी आधीच मागचे दार बसविले होते. त्या दारातून आलेले नॉटपेट्या डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरले आणि काही तासांत जगभर पसरले. मर्स्क समूहाकडून चालविले जाणारे न्हावा शेव्यातील 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' हे कंटेनर टर्मिनलही त्यामुळे ठप्प झाले. कंटेनर कोठे ठेवला आहे आणि कोणाचा आहे, हे सांगणारी संगणक प्रणालीच बंद पडल्याने कामकाज हाताने करण्याची वेळ आली.

मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणकांवर सारे काही नव्याने बसवावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. कंपनीने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे जाहीर केले होते. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरचा आणि उरणच्या बंदरातील क्रेनचा काडीचाही संबंध नसताना एकामुळे दुसरी थांबली. सॉफ्टवेअर एकमेकांना जोडलेल्या साखळीतून येते आणि त्या साखळीतील सर्वांत कच्च्या कडीइतकीच तिची ताकद असते.

विशेष म्हणजे नॉटपेट्याच्या फाइलवर मायक्रोसॉफ्टची सही चिकटविलेली होती. ती दुसऱ्या एका अस्सल फाइलवरून उचललेली असल्यामुळे ठशाशी जुळत नव्हती. सही 'आहे' एवढेच पाहणाऱ्याची त्यामुळे फसगत होऊ शकते. ती 'जुळते' का, हे पाहणे महत्त्वाचे.

किल्लीच चोरीला गेली तर?

गणित अभेद्य असले, तरी किल्ली सांभाळणारी माणसे असतात. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट' या सॉफ्टवेअरने इराणच्या अणुप्रकल्पातील यंत्रांची नासधूस केली. त्याच्या काही फाइलींवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानमधील दोन कंपन्यांच्या अस्सल किल्ल्यांनी केलेल्या सह्या होत्या. त्या कंपन्यांच्या नकळत त्यांची मोहोर वापरली गेली होती. त्याआधी २००१ मध्ये तर प्रमाणन संस्थाच फसली होती. आपण मायक्रोसॉफ्टचे कर्मचारी आहोत असे सांगणाऱ्या भामट्याला 'व्हेरिसाइन' या नामांकित संस्थेने मायक्रोसॉफ्टच्या नावाची दोन प्रमाणपत्रे देऊन टाकली. चूक लक्षात आल्यावर ती रद्द करण्यात आली.

भारतालाही याचा अनुभव आहे. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे 'एनआयसी'च्या प्रमाणन यंत्रणेतून गुगलच्या संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे गुगलला आढळले. ती सॉफ्टवेअरच्या सहीसाठी नव्हे, तर संकेतस्थळांसाठीची प्रमाणपत्रे होती. पण विश्वासाची रचना दोन्हीकडे सारखीच. नियंत्रकांच्या कार्यालयाने एनआयसीची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली आणि गुगलने भारतीय नियंत्रकांच्या छत्राखालील प्रमाणपत्रांवरील आपला विश्वास काही भारतीय संकेतस्थळांपुरता मर्यादित केला. हमी देणाऱ्याची हमी डळमळली, की त्याच्या नावावर चालणाऱ्या सगळ्यांनाच त्याची झळ बसते.

या घटनांमधून नियम कडक होत गेले. १ जून २०२३ पासून सॉफ्टवेअरवर सही करण्याची खासगी किल्ली साध्या संगणकावर ठेवण्यास मुभा उरलेली नाही. ठरावीक सुरक्षा मानकांत बसणाऱ्या टोकनमध्ये अथवा 'हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल' या खास उपकरणातच ती ठेवावी लागते. अशा उपकरणातून किल्ली बाहेर काढता येत नाही. फाइलचा ठसा आत जातो आणि सही तेवढी बाहेर येते. सही केव्हा झाली, हे सांगणारा तिऱ्हाईत संस्थेचा वेळेचा शिक्काही तिच्याबरोबर लावतात. त्यामुळे प्रमाणपत्राची मुदत संपल्यानंतरही जुनी फाइल वैध राहते. आणि किल्ली चोरीला गेली, तर चोरीपूर्वीच्या व नंतरच्या फाइली वेगळ्या काढता येतात.

सही खरी, माल खोटा

सर्वांत अवघड प्रसंग तो, ज्यात सही खरी, किल्ली सुरक्षित आणि तरीही फाइल विषारी असते. अमेरिकेतील 'सोलरविंड्स' या कंपनीचे सॉफ्टवेअर जगभरातील मोठ्या संस्था आपल्या संगणक जाळ्यांवर देखरेख ठेवण्यासाठी वापरत. हल्लेखोरांनी या कंपनीच्या किल्लीला हातही लावला नाही. जेथे सॉफ्टवेअरचे अंतिम स्वरूप तयार होते, त्या यंत्रणेतच ते शिरले आणि सही होण्यापूर्वीच आपला मजकूर मिसळून मोकळे झाले. कंपनीने त्यावर नेहमीप्रमाणे सही केली. मार्च ते जून २०२० या काळात जवळपास १८ हजार ग्राहकांकडे ती फाइल पोहोचली. प्रत्येकाच्या संगणकाने सही तपासली आणि ती खरीच निघाली. डिसेंबरमध्ये प्रकार उघडकीस आला, तेव्हा अमेरिकी सरकारच्या अनेक खात्यांत हेरगिरी झालेली होती.

यात हेतू वाईट असलाच पाहिजे, असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि देशातील काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. येथे कोणी शत्रू नव्हता. फाइल खुद्द कंपनीनेच पाठविली होती. चूक होती ती तिच्या तपासणीत.

म्हणून सहीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. फाइल कोणी मोहोरबंद केली आणि त्यानंतर ती बदललेली नाही, एवढेच सही सांगते. आतला माल चांगला आहे, याची ग्वाही ती देत नाही. मोबाइलवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाचे चलन म्हणून व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या 'एपीके' फाइलींचेही तसेच आहे. सही नसलेले ॲप अँड्रॉइड बसवूच देत नाही. परंतु तेथे प्रमाणन संस्थेची अट नाही. भामटाही स्वतःच किल्ली तयार करून स्वतःच सही करू शकतो. नवी आवृत्ती पहिल्याच किल्लीने सही केलेली आहे, एवढे मात्र अँड्रॉइड पाहते. त्यामुळे बँकेचे अस्सल ॲप मोबाइलवर असेल, तर दुसऱ्याला त्याच्यावर आपली बनावट आवृत्ती चढविता येत नाही.

छोट्या संस्थांनी काय विचारावे?

सोलापूरसारख्या जिल्ह्यांत पतसंस्था, शाळा, रुग्णालये आणि कारखाने अनेकदा स्थानिक विक्रेत्यांकडून सॉफ्टवेअर घेतात. विक्रेत्याचा माणूस पेन ड्राइव्हवर किंवा ई-मेलने नवी फाइल पाठवितो. विंडोजने इशारा दिला, की 'रन एनीवे' दाबा आणि अँटिव्हायरस थोडा वेळ बंद ठेवा, असे फोनवरून सांगतो. कर्मचारीही तसे करतो. काही महिन्यांत इशारे झुगारणे ही सवयच होऊन बसते. उद्या तीच फाइल दुसऱ्या कोणी त्याच नावाने पाठविली, तर ती ओळखण्याचे कोणतेही साधन त्या कार्यालयाकडे उरत नाही.

सही करण्याचे प्रमाणपत्र विक्रेत्याला वर्षाकाठी काही हजार रुपये खर्चून मिळते. लेखापरीक्षणावर आणि वार्षिक देखभाल करारावर संस्था जो खर्च करतात, त्याच्या तुलनेत ही रक्कम फार नाही. करार करताना चार प्रश्न विचारले, तरी बराच फरक पडेल. तुमच्या प्रत्येक फाइलवर तुमच्या कंपनीची सही असते काय? नवी आवृत्ती उतरवून घेताना तुमचे सॉफ्टवेअर सही तपासते काय आणि न जुळल्यास थांबते काय? खासगी किल्ली कोठे ठेवता आणि ती वापरण्याचा अधिकार किती जणांना आहे? आणि किल्ली चोरीला गेल्याचे लक्षात आल्यास आम्हाला किती तासांत कळवाल? शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो. पण उत्तर लेखी घ्यावे असा तोच आहे.

संस्थेच्या बाजूनेही काही करता येते. विंडोजमधील 'ॲपलॉकर'सारख्या सोयी वापरून ठरावीक कंपन्यांची सही असलेल्या फाइलीच चालतील, अशी व्यवस्था लावता येते. सही असलेल्या कोणत्याही फाइलवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये गेले, की 'डिजिटल सिग्नेचर्स' हा भाग दिसतो. तेथे कंपनीचे नाव आणि 'सही वैध आहे' हा शेरा पाहणे कोणत्याही लिपिकाला शिकविता येईल. नवी आवृत्ती सर्व संगणकांवर एकदम न चढविता आधी एकावर आठवडाभर चालवून पाहावी. सोलरविंड्ससारख्या प्रसंगात तेवढ्याने बचाव होईलच असे नाही, मात्र क्राउडस्ट्राइकसारख्या चुका बहुधा त्या एकाच संगणकावर थांबतील. सॉफ्टवेअरमध्ये कोणाकोणाचे सुटे भाग वापरले आहेत, त्यांची यादी विक्रेत्याकडून घ्यावी, अशी मार्गदर्शक तत्त्वेही सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली आहेत.

रुग्णाच्या रक्तगटाची नोंद असो, ठेवीदाराची शिल्लक असो की विडी कामगाराच्या घराचा हप्ता. ही माहिती ज्या सॉफ्टवेअरच्या हाती आहे, ते कोणाच्या सहीने आले, हे विचारण्याचा अधिकार संस्थेच्या संचालकांना आहे आणि सभासदांनाही आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत संगणकीकरणाच्या खर्चाला मंजुरी देताना हा प्रश्न इतिवृत्तात आला, तर पुढच्या वर्षी विक्रेता त्याचे उत्तर तयार ठेवूनच येईल.